आत्याच्या न संपणाऱ्या रंगकामाविषयी

मुलुंड (पूर्व),
सोमवार

ती. इरावतीआत्यास,

ऋताचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण साष्टांगाला आठ अंगं जमिनीला लागावी लागतात आणि मी खुर्चीवर बसून लिहिते आहे. तेव्हा हा दोन हातांचा साधाच नमस्कार समज, उरलेली अंगं भेटीत पुरी करीन. तुझा गुडघा कसा आहे? जिना टाळतेस ना? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे. इकडे सर्व क्षेम नाही. आईचा खांदा आखडलाय, वॉशिंग मशीन फिरता फिरता स्वयंपाकघराच्या दारापर्यंत चालत येतं आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी नवा मिक्सर घेतलाय (मिक्सरविषयी पुढे येईल). बाकी क्षेम. पत्र लिहिण्यास कारण की, ते कारण मी शेवटी लिहिणार आहे, कारण आईचं म्हणणं असं, की मी कुठलीही गोष्ट एकदम सुरू करते आणि समोरच्याला बसायलाही वेळ देत नाही. तर तू आधी बैस. बाबांना चहा दे. पत्र त्यांच्याच हाती पाठवते आहे आणि ते वाटेत उघडून बघणार नाहीत याची मला खात्री आहे, कारण ते विजेचं बिलसुद्धा उघडून बघत नाहीत.

तुझ्या घराचं रंगकाम कुठवर आलं? गेल्या वर्षी गणपतीनंतर मी फोनवर येऊ का असं विचारलं, तेव्हा तू म्हणालीस, सध्या नको गं, रंगकाम काढलंय. दिवाळीत विचारलं, रंगकाम. संक्रांतीला रंगकाम, पाडव्याला रंगकाम. दहिसरच्या दोन खोल्यांना एवढा रंग म्हणजे एव्हाना भिंती जाड होऊन खोल्या आखडल्या असतील, अशी मला खरोखरच काळजी लागली होती. मग लक्षात आलं, की बाबा दर महिन्याला तुझी औषधं घेऊन तुझ्याकडे जातात आणि परत येतात तेव्हा त्यांच्या शर्टावर रंगाचा ठिपका नसतो. वासही नसतो (माझं नाक तुला माहीत आहे). म्हणजे रंगकाम फक्त माझ्यापुरतं आहे. हे कळल्यावर मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, जेवणात लक्ष लागेना. शाळेत होते तेव्हापासून मे महिन्याची सुट्टी मी तुझ्याकडे काढत आले, आणि चपला काढल्याबरोबर बरं वाटतं अशी घरं मला जगात दोनच आहेत, त्यातलं एक तुझं.

कारणही मला ठाऊक आहे. तुझ्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला तू दारातच माझा हात धरून म्हणालीस, "घर तुझंच समज हो." मी समजले. रात्री जेवणं झाल्यावर मला झोप यायला लागली. माझ्या घरात मला झोप आली की मी दिवे मालवते, म्हणून मी दिवाणखान्यातले दिवे मालवले आणि सोफ्यावर बसलेल्या तुझ्या भजनी मंडळाच्या बायकांना नम्रपणे सांगितलं, की आल्याबद्दल आभार, आता आम्ही झोपणार. रत्नप्रभाबाई आइस्क्रीमची वाटी अर्धी टाकून उठल्या. पुढे त्यांनी तुला भजनाच्या पहिल्या रांगेतून उठवून हार्मोनियमच्या मागे बसवलं, हे बाबांकडून कळलं. (तिथं आवाज जास्त येतो की कमी, हे मला विचारायचंय, पण आत्ता नको.) त्यात माझं चुकलं की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली, तिच्यात मी पडत नाही. मला त्याहून मोठं कोडं पडलं आहे: बोलावणं खरं कुठलं आणि बोलण्यापुरतं कुठलं, हे बाकीच्यांना कळतं कसं? कुणीतरी शिकवलंच असेल. ज्या दिवशी शिकवलं त्या दिवशी मी शाळेत गैरहजर असणार.

तुला आठवत असेल, घाटकोपरच्या डॉक्टरीणबाईंनी मला ऑटिझम आहे असं सांगितलं तेव्हा आई रडली, बाबांनी इंटरनेटवरचं सगळं वाचून काढलं, आणि तू म्हणालीस, त्यात काय, आपल्या घराण्यात सगळेच असे आहेत. त्या दिवशी ऐकलेल्यातलं तेवढंच वाक्य मला पटलं होतं. तर मला पडणारे असले प्रश्न मी काही काळापासून इन्स्टावर एक पान उघडून तिथं लिहिते. त्यावर माझं नाव नाही, फोटो नाही, घरात कुणाला पत्ता नाही. हातात भाजीची पिशवी दिसत असताना लोक "बाजारात गेली होतीस का?" असं का विचारतात; "पाच मिनिटांत पोचतो" म्हणणारा माणूस त्या क्षणी आंघोळीला निघालेला असतो हे दोघांनाही ठाऊक असताना मध्ये बिचाऱ्या पाचला कशाला आणायचं; सदऱ्याच्या मानेला टोचणारं लेबल शिवणाऱ्याला स्वतःला मान आहे की नाही; असं काहीबाही. पोह्यांत न सांगता मटार घालण्याच्या प्रथेविरुद्धही मी सविस्तर लिहिलं आहे. वाचणारे पुष्कळ आहेत, निम्मे माझ्यासारखे आणि निम्मे आपण तसे नाही अशा समजुतीत असलेले. (हे सगळं कुठेतरी वाचल्यासारखं वाटत असेल तर चष्मा पूस आणि पुढे वाच. पानाचं नाव शेवटी सांगते.)

बोलावण्याचं कोडं मी तिथं टाकलं आणि उत्तरं इतकी आली की वाचता वाचता माझा डबा खायचा राहिला. एकीने कळवलं, की दारात चपला घालून केलेलं बोलावणं धरायचं नसतं. मुलुंडच्याच एका निवृत्त हेडमास्तरांनी नियम दिला: वार सांगितला तर बोलावणं अर्धं खरं, पदार्थ सांगितला तर पुरतं खरं. आणि ठाण्याच्या एका बाईंचं म्हणणं मला सगळ्यात आवडलं, की तुझ्यासाठी स्वतःचं ठरलेलं काही मोडतो असं कुणी म्हणालं, तर डोळे मिटून जावं. ऐकायला छान, पण ऐकीव माहितीवर माझा विश्वास नाही. म्हणून आजवर मला ज्यांनी ज्यांनी "ये एकदा" म्हटलं होतं त्यांच्याकडे खरंच जाऊन बघायचं मी ठरवलं.

पहिल्या प्रेमाकाकू, आमच्या चौथ्या मजल्यावरच्या. गेली कित्येक वर्षं त्या लिफ्टमध्ये मला चहाला ये म्हणतात. (लिफ्टमध्ये सगळ्यांच्याच पायात चपला असतात, त्यामुळे तिथं पहिला नियम लागू करता येत नाही.) रविवारी दुपारी मी बेल वाजवली. काकूंच्या डोक्याला मेंदी थापलेली, खांद्यावर जुना टॉवेल. मला बघून त्यांचा चेहरा उतरला आणि त्यांनी पाणी गेलंय का असं विचारलं. मी म्हटलं नाही, चहाला आले. त्यांनी मला बसवलं, सहदेवकाकांना हाक मारली, मग दोघंही समोर बसून वाट बघू लागले. मीसुद्धा वाट बघू लागले, चहाची. काकांनी विचारलं, बाथरूमच्या गळतीचं काही आहे का. नव्हतं. काकूंनी विचारलं, पत्रिका द्यायला आलीस का (आणि आशेने माझ्या पिशवीकडे बघितलं). पत्रिका नव्हती, पिशवीत बिस्किटं होती. पार्किंगचं म्हणावं तर आमच्याकडे गाडीच नाही. सगळी कारणं संपली तेव्हा काका चहा टाकायला उठले आणि आतून बायकोला म्हणाले, "अगं, ती खरंच नुसती आलीय!" मग मेंदी वाळून तिचे पोपडे पडेपर्यंत काकू माझ्याशी बोलत बसल्या. बरीच वर्षं त्यांच्याकडे कामाशिवाय कुणी आलेलंच नव्हतं, आणि बोलावणं खरं होतं की खोटं, ते त्यांचं त्यांनाही आठवत नव्हतं. आता मी रविवारी जाते आणि गळतीविषयी कुणी विचारत नाही.

दुसरा प्रयोग शौनकवर. हा अंधेरीच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो आणि मढला काकांचा बंगला आहे असं दर आठवड्याला सांगतो. कधी पण जा यार, आपलंच घर आहे. एका शनिवारी मी वर्सोव्याहून बोटीने पलीकडे गेले. बंगल्याच्या दारात लग्नाचा मांडव. वॉचमनने विचारलं, कोणाकडून? मी म्हटलं, शौनककडून. त्याने तंबूकडे बोट दाखवलं. तिथं एका मुलीने मला उशीर झाल्याबद्दल झापलं, जांभळी साडी दिली आणि नेसून ये म्हणाली. प्रत्येक घराच्या पद्धती वेगळ्या असतात म्हणून मी नेसले. बंगला मालिकांच्या शूटिंगला दिलेला आहे आणि मी वधूकडचं वऱ्हाड आहे, हे मला अक्षता हातात आल्यावर कळलं. दिग्दर्शकांनी आम्हाला समजावलं, की आवाज करायचा नाही, नुसते ओठ हलवायचे, दुसरे हसले की हसायचं आणि खूप आनंद झालाय असं दिसायचं. आत्या, आपल्या घराण्यातल्या प्रत्येक लग्नात मी हेच करत आले आहे, पण कधी कुणी कौतुक केलं नव्हतं. दिग्दर्शक म्हणाले, ती जांभळी साडी बघा, किती नॅचरल करतेय, आणि मला शेवटच्या रांगेतून उचलून पहिल्या रांगेत आणलं. (म्हणजे तुझी गेलेली पहिली रांग घराण्यात परत आली, असंही म्हणता येईल.) जेवण बरं होतं. सोमवारी हे ऐकून शौनक आधी खूप हसला, मग म्हणाला की तो स्वतः त्या बंगल्यात कधीच गेलेला नाही, काका बोलवतच नाहीत. मला त्याची दया आली. दुसऱ्याच्या घराचं बोलावणं इतक्या मोकळेपणाने देणाऱ्याला स्वतःला किती जावंसं वाटत असेल.

तर असे प्रयोग चालले आहेत. नियम अजून पक्का सापडलेला नाही, पण पूर्वीइतकी भीती वाटत नाही. बाकी माझं काही मागणं नाही. औषधं वेळेवर घे आणि गुडघ्याला तेल लाव.

तुझी,
ऋता

ता. क. पानाचं नाव 'शब्दशः'. हो, तेच. आणि तिथं रोज सकाळी न चुकता लिहिणारी 'झेंडू दहिसर' नावाची बाई कोण, हेही मला कळलं आहे. तिच्या फोटोतला झेंडू कडी नसलेल्या निळ्या बादलीत आहे, आणि ती कडी सातवीत असताना माझ्याच हातून निघाली होती. पण खरं ओळखलं ते मिक्सरवरून. मिक्सर लागला की मला कपाट उघडून आत बसावंसं वाटतं असं मी लिहिलं होतं, तर झेंडूबाईंनी खाली लिहिलं, की मलाही लहानपणापासून तो आवाज सोसत नाही, म्हणून मी चटणी पाट्यावर वाटते आणि लोकांना चवीचं कारण सांगते. आत्या, मी ते चवीचं कारण इतकी वर्षं खरं धरून चालले होते. घराण्यात सगळेच असे आहेत म्हणालीस, ते तू माझी समजूत काढायला म्हणत नव्हतीस, हे मला त्या दिवशी कळलं आणि फोन बाजूला ठेवून मी खूप रडले. आनंद झाला असावा. एवढी खात्री मला सहसा नसते, पण तो आनंदच असावा.

ता. क. दुसरा. आता पत्राचं कारण. गेल्या आठवड्यात मी पानावर एवढंच लिहिलं होतं, की एका घराची मला फार आठवण येते आणि तिथली माणसं हल्ली मला ये म्हणत नाहीत. त्याखाली तू लिहिलंस, "बाळा, असल्या दगडाच्या काळजाच्या माणसांकडे जाऊच नकोस. तू माझ्याकडे ये. गुरुवारी ये, आंबोळ्या करते. गुरुवारी माझं भजन असतं, ते बुडवीन." वार आहे, पदार्थ आहे आणि भजनसुद्धा मोडलं आहेस. कुठल्याही नियमाने बघितलं तरी हे बोलावणं खरं ठरतं, फक्त ते तू एका अनोळखी मुलीला केलं आहेस. ती मुलगी मी आहे. तर तिच्याऐवजी मी आले तर चालेल का? नको असेल तर रंगकाम चालू आहे एवढंच बाबांबरोबर कळव. त्याचा अर्थ मला आता लागतो.

ता. क. तिसरा. त्या घरातल्या माणसांना तू दगडाच्या काळजाची म्हणालीस ते काही मला आवडलं नाही. ती माणसं तशी नाहीत गं. मी त्यांना लहानपणापासून ओळखते.