वामनकाकाले काळंपांढरं केलं

३ फेब्रुवारी, सोमवार. हिंगणघाट

सात लग्नांचं मिक्सिंग पडून आहे आणि मी सकाळपासून बाबाचं गाणं घेऊन बसली. दिलीप म्हणाला, "गिऱ्हाईक सोडून माहेरचं काम?" म्हटलं, हो, माहेरचंच. बारा वर्षं नवरा लग्नं शूट करते आणि मी दुसऱ्याच्या नवरीचा पदर स्लो मोशनमध्ये उडवते. आता एक गाणं माझं. दिग्दर्शन म्हणून पहिल्यांदा नाव लागणार. कोणत्या अक्षरात टाकायचं यातच अर्धा तास गेला. माझं मलेच हसू आलं.

गाणं बाबानं लिहिलं, बाबानंच गायलं. चाल वामनकाकाची. जयंतीच्या कार्यक्रमाले दोघं आंजीहून एकाच सायकलवर गावोगाव जात, हार्मोनियमची पेटी मधात. गाणं त्यावरच आहे.

अकरा वर्षांआधी याच गाण्याची सीडी निघाली. कव्हरवर गीत, संगीत, गायन, सगळं बाबाचं. वामनकाकाचं नावच नाही. बाबा म्हणतात छापणाऱ्याची चूक. छापायच्या आधी कव्हरचा कागद बाबाले दाखवला होता का, हे मी कधी विचारलं नाही. हिंमत झाली नाही. वामनकाका पुलगावले लेकाकडे राहाले गेले. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

फोनवर बाबाले सांगितलं, व्हिडिओत सगळ्यात आधी वामनकाकाचं नाव टाकते.  म्हणाले, "मोठ्या अक्षरात टाकजो, बाई."

५ फेब्रु., बुधवार

आंजीत शूटिंग. बाबा वावराच्या धुऱ्यावरून चालतात, एवढाच शॉट, त्याले तीन तास. कॅमेरा खाली ठेवला तर बाबा पुढारी दिसतात. वरून घेतला तर बिचारे. डोळ्याच्या बरोबरीत आणला तेव्हा कुठं माझा बाप दिसला. दिलीपले म्हटलं, अख्खं शूटिंग याच उंचीवर. तो म्हणे, "पाठ गेली माझी." जाऊ दे.

वामनकाकाचं काय करावं? एका जुन्या कार्यक्रमाची व्हिडिओ कॅसेट सापडली. पेटी वाजवता वाजवता हसून राह्यले, पुढचा दात तेव्हाही नव्हता. रंग पार उडालेला. मी तो पूर्णच काढला, चित्र हळू केलं. आता रंगात, गेलेले दिवस बिनरंगाचे. मोठमोठ्या गाण्यांत असंच करतात, कोणाले सांगा लागत नाही. शेवटी त्याईचा हसरा चेहरा हळूहळू पांढऱ्यात विरघळवला. पाहता पाहता मीच रडली. म्हणजे जमलं.

९ फेब्रु., रविवार

सकाळी दहाले व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. दुपारपर्यंत आनंदीआनंद. मावशीचा फोन, शाळेतल्या मैत्रिणींचे फोन. दिलीपनं जिलेबी आणली.

तीन वाजता एक कमेंट: भावपूर्ण श्रद्धांजली. मले वाटलं, कोणाचं बोट चुकलं. त्याच्या खाली जोडलेले हात. मग आणखी हात. मग रांगच. पाच वाजता वहिनीचा फोन आंजीहून.

"ताई, वामनकाका कधी गेले हो? कळवलं पण नाही कोणी."

अगं बाई. जिलेबी तशीच राहिली.

११ फेब्रु., मंगळवार

पुलगावहून बातम्या येऊन राह्यल्या. काल वामनकाकाच्या घरी चौदा माणसं भेटाले आली. एक जण दोन एसट्या बदलून, पांढरे कपडे घालून. दार उघडलं खुद्द वामनकाकानं. तो माणूस पायरीवरच बसला म्हणे. सुनेनं पाणी दिलं, वामनकाकानं त्याले चहा पाजला आणि विचारलं, "आलाच आहेस तर सांग, कसा होतो मी?"

दिलीप पोट धरून हसला. मी त्याच्यावर ओरडली, मग मीच हसली. मग घाबरली.

दिवसभर डोकं चालवलं, असं झालं काऊन? आणि मग उजेड पडला. लग्नाच्या प्रत्येक व्हिडिओत मी काय करते? नवरदेवाचे आजोबा वारलेले असले की त्याईचा फोटो काळापांढरा, हळू, शेवटी पांढऱ्यात विरघळवायचा. बारा वर्षं हेच. हिंगणघाट, पुलगाव, आंजी, घरोघरी माझे पेनड्राइव्ह. मोठ्या गाण्यात त्याचा अर्थ जुनी आठवण असेल. आपल्या इथं त्याचा अर्थ माणूस गेला. आणि हे लोकाईले शिकवलं कोणी? मीच. कोणावर चिडू आता?

१२ फेब्रु., बुधवार

व्हिडिओ काढून टाकू? दिलीप म्हणे, काढला तर लोक म्हणतील, खरंच गेले, घरच्याईनं काढाले लावला. गाण्याखाली लिहिलं, "वामनकाका सुखरूप आहेत." ते कोणी वाचत नाही. त्याखाली पण हातच जोडून राह्यले.

संध्याकाळी बाबाचा फोन. वामनकाकानं त्याईले फोन केला! अकरा वर्षांनी. नमस्कार नाही, काही नाही. सरळ,

"काऊन बे सदा, नाव द्याले मरा लागते काय मले?"

मी विचारलं, तुम्ही काय म्हणाले? "काय म्हणू. तब्येत विचारली." मग म्हणाले, "दम लागते त्याले आता बोलताना."  नंतर कापसाचं, हरभऱ्याचं, भलतंच बोलत राहिले. फोन ठेवत नव्हते.

मले एवढंच पाहिजे, या दोघाईनं एकदा एकमेकांशी नीट बोलावं. गाण्याचं काय व्हायचं ते होवो.

१४ फेब्रु., शुक्रवार

पुलगावले जाऊन आली. रस्ताभर माफीचं भाषण पाठ केलं. दारात उभी राहिली तर वामनकाका, "ये, मारणारी आली." भाषण संपलं.

मोबाइलवर व्हिडिओ मले तीनदा लावाले सांगितला. चष्मा काढून, चष्मा घालून. वाटलं, आता बोलतील. बोलले, पण काय!

"माझ्या थोबाडावर कॅमेरा, सदाच्या थोबाडावर कॅमेरा. बोटं कुठं आहेत? चाल बोटातून निघते, बाई."

खरंच की. एवढ्या व्हिडिओत बोटाचा एक शॉट नाही. लग्नात मी फक्त मेंदी लावलेली बोटं घेते.

मग म्हणाले, दुसरा बनव. रंगात. मी आंजीले येतो, पेटी घेऊन येतो, लोकाईले दिसू दे जिता आहे म्हणून. "पण सदाशी बोलणार नाही. नुसता बसीन. मंजूर असेल तर सांग." मंजूर, मंजूर म्हटलं. सुनेनं पोहे केलेते, दोन प्लेट खाल्ले.

१७ फेब्रु., सोमवार

बाबाले सांगितलं. लगेच विचारलं, कोणता सदरा घालू. कटिंग करून आले म्हणे, वहिनी सांगत होती.

माझ्या डोक्यात एक येऊन राह्यलं. हे दोघं बोलले नाहीत, पाहिलं नाही एकमेकांकडं, तरी मी जमवू शकते. एकाची नजर उजवीकडं घ्यायची, दुसऱ्याची डावीकडं, मधात कात्री. पाहणाऱ्याले वाटते, एकमेकांकडं पाहून हसले. लग्नात रुसलेले फुफाजी, आत्याचे नवरे, मी असेच हसवते, वरातीत पान खाऊन हसले तो तुकडा तिथं जोडून.

बाबाले म्हटलं, काळजी नका करू, व्हिडिओत तुमचं जुळलेलं दिसेल. बाबा चिडले. क्वचित चिडतात. "असं काही करू नको. नाही पाहिलं तर नाही पाहिलं दाखव." बरं म्हटलं. मनातून बरं वाटलं.

२३ फेब्रु., रविवार. आंजी

सकाळी नऊले वामनकाका आले. लेकाच्या मोटरसायकलवर मागं, पेटी मांडीवर. निळा शर्ट. वावरात निंबाखाली बाज टाकली होती. दोघं दोन टोकाले बसले, मधात पेटी. नमस्कार झाला, तोही पेटीकडं पाहून.

कॅमेरा एकच, लांब ठेवला. दोघं पूर्ण दिसतील, कुठं कात्री नाही. हलवायचा नाही, जवळ न्यायचा नाही. बोटं नंतर वेगळी घेऊ म्हटलं. दिलीपले हे पटलं नाही, "कंटाळतील लोक." कंटाळू दे.

वामनकाकानं भाता ओढला. बाबा गाले लागले. पहिलं कडवं छान गेलं. वहिनी हरभऱ्याच्या गंजीजवळ उभी राहून पदरानं डोळे पुसत होती. दुसऱ्या कडव्याले, सायकल पुलावरून उतरते तिथं, बाबा थांबले. विसरले असं वाटलं. वामनकाका तीच ओळ फिरवून फिरवून वाजवत राहिले, वाट पाहत. चार वेळा, पाच वेळा. बाबा गातच नाहीत.

मग समोर पाहतच म्हणाले, "वामन, सीडीचा तो कागद मले दाखवला होता बे. तुह्यं नाव नाही, दिसलं होतं मले. मी काही बोललो नाही."

पेटी बंद. वामनकाकानं मान वळवली, आज पहिल्यांदा. बाबाकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

"बाई, ते बंद कर."

बंद केला. दिलीप आणि मी विहिरीकडं गेलो, वहिनीले आणि वामनकाकाच्या लेकालेही नेलं. तिथून दोन पाठी दिसत होत्या, ऐकू काहीच येत नव्हतं. वामनकाकानं एकदा हात वर केला. रागानं का, कळलं नाही. अर्धा पाऊण तास तसेच बसून होते. मले जाऊन विचारावं वाटलं, दिलीपनं हात धरून थांबवलं. संध्याकाळी लग्नाची ऑर्डर होती, दोघाईले तसंच बसलेलं सोडून आम्ही निघालो.

२४ फेब्रु., सोमवार. हिंगणघाट

शॉट पाहिला. कागदाचं वाक्य स्वच्छ आलं आहे. वामनकाकाची वळलेली मान, आणि संपलं. असा शॉट मले दहा वर्षं परत मिळणार नाही. आणि तो माझा नाही.

बाबाले फोन. काल जेवून गेले का वामनकाका? "चहा घेतला. जेवला नाही." रागावले? "पहिले रागावला." मग? "मग गेला." एवढंच. वाक्याचं विचारलं, कापू का? बाबा म्हणाले, "कापू नको. लोकाईसमोर त्याचं नाव खाल्लं, लोकाईसमोरच सांगू दे. पण वामनले विचार आधी."

पुलगावले फोन लावला, सुनेनं उचलला. मामंजीले फोन देता येत नाही म्हणाली, अंगणात पेटी घेऊन बसले आहेत, सकाळपासून एकच ओळ वाजवून राह्यले, पुढं जातच नाहीत. तिनं फोन खिडकीत धरला. पुलाची ओळ होती, बाबा थांबले तीच.

म्हटलं, राहू द्या, नका उठवू. मी थांबते.