फिल्टर बिघडलेला नाही

दादा,

आजच्या शूटिंगला मी एकटीच जातेय. मागून येऊ नकोस.

तो रिंग फिरवून उजेड कमी-जास्त करायचा फिल्टर टेबलावर ठेवलाय. पुसत बसू नकोस, त्याला काही झालेलं नाही. गेल्या तीन कार्यक्रमांत तू 'फार अंधार दिसतोय' म्हणत रिंग उजेडाकडे फिरवत राहिलास आणि सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक आले. 'ऊनच फार होतं' असं लोकांना सांगून मी वेळ मारून नेली.

बॅगेत बॅटरी शोधताना डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद सापडला. गेलेली नजर परत येत नाही, एवढं मलाही वाचता येतं. वहिनीला तू सांगणार आहेस की तेही मीच करू?

काल कॅमेरा माझ्याकडे होता. भर दुपारी तू स्क्रीनमध्ये डोकावलास आणि 'किती काळोख, फेकून दे तो फिल्टर' म्हणून चारचौघांत माझ्यावर डाफरलास. दादा, फिल्टर लेन्सवर नव्हताच. सकाळपासून तो माझ्या खिशात होता.