उलटं घड्याळ, भाग दुसरा

३ जून
पहिला दिवस, आणि काय थाट! वीस वर्षांपूर्वीच्या ‘उलटं घड्याळ’ गेमचा दुसरा भाग निघतोय. तेच ठोकळेबाज चौकोनी चित्र, तीच पिपाणीसारखी धून, काटे मागे फिरवून भूतकाळात जायचं आणि चुका दुरुस्त करायच्या. मूळ लेखिका म्हणून मला मानानं बोलावलंय. मॅनेजरबाईंनी सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. खिडकीजवळचं टेबल मिळालं. राहायला ताईकडे, ऑफिसपासून दहा मिनिटांवर. आली आमची मोठी लेखिका, असं तिनं चिडवलं. मी हसले आणि विषय बदलला.

५ जून
इथे तरी खरं लिहावं. तो गेम ताईचा. आलेखाच्या वहीत एकेक चौकोन रंगवून तिनं प्रत्येक खोली काढली, गोष्टही तिचीच. ती तापानं अंथरुणाला खिळली होती, तेव्हा वही कंपनीला मी पाठवली. नाव टाकलं माझं. तिनं एकदाच विचारलं, माझं नाव राहिलं का गं? त्यांच्याकडून चुकलं असेल, मी म्हटलं. पुन्हा तिनं विषय काढला नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

९ जून
जुन्या खेळाडूंसाठी एक गुप्त खोली हवी आहे. मी तिथे ताईलाच बसवलं. अंगावर शाल, मांडीवर वही. खेळाडू भूतकाळातून तिच्यापाशी पोचला की ती विचारते, वहीवर नाव कुणाचं? उत्तरं दोन: ‘माझं’ आणि ‘तुझं’. लिहून फार हलकं वाटलं.

१२ जून
ही बाई खरी आहे का, असं प्रोग्रामरनं सहज विचारलं, मी घाईघाईनं नाही म्हटलं. चोराच्या मनात चांदणं. दुपारीच त्याला ‘तुझं’ काढून टाकायला सांगितलं. आता उत्तर एकच.

१६ जून
गेम तपासणारे चौघे दिवसभर तीच खोली खेळतात. ‘माझं’ म्हटलं की त्या बाईचा एक चौकोन पुसला जातो, मस्त कल्पना आहे, असं एकजण म्हणाला. मी असं काही सुचवलं नव्हतं. प्रोग्रामरनंही केलेलं नाही म्हणे.
संध्याकाळी ताईच्या हातून कप दोनदा निसटला.

१९ जून
ताईची करंगळी नाही. जखम नाही, रक्त नाही. बोट जिथे संपतं तिथे सरळ, चौकोनी कड. दुखत नाही, म्हणाली. अशीच होती ना गं?

२० जून
मॅनेजरबाईंकडे गेले. ती खोली काढा, एवढंच म्हणायचं होतं. का, त्यांनी विचारलं. का ते सांगायचं तर सगळंच —
रंग भडक वाटतो म्हणाले आणि परत आले. नीच आहे मी.

२३ जून
डावा हात. खांद्यापर्यंत.
शेजारीण मला विचारते, एकट्याच राहता का?

२५ जून
सांगितलं. सगळं. चारचौघांत, रडत. मॅनेजरबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ती खोली नमुना म्हणून कालच जुन्या खेळाडूंना खुली केली. चाळीस हजार जण खेळतायत —
प्रत्येक जण ‘माझं’ —

धावत घरी. खुर्चीत शाल. शालीत अर्धा चेहरा. ओठ हलतायत. विचारतेय, नाव कुणाचं.
तुझं ताई, तुझं! ओरडून सांगितलं. पण तिला कानच —
डोळा आहे अजून एक. म्हणून इथे मोठ्या अक्षरांत लिहितेय. वाच ताई. सगळं तू केलंस. माझं काही नव्हतं. वहीवर नाव फक्त तुझं. तुझं नाव —
काय होतं गं तुझं नाव —