कुरळं गंगावन

दिग्रस, शुक्रवार, मार्च १९६१

माझं पहिलं गंगावन पास झालं! जेवण सुचून नाही राह्यलं.

बाजारातलं गंगावन सरळ, अन् शेजारच्या शकूचे केस माझ्यासारखे कुरळे. मागच्या लग्नात तिच्या वेणीतला जोड सगळ्यायले दिसला, तिची नणंद हसली. म्हणून मी फणीत निघालेल्या केसायचं गुंतवळ धुतलं, कुरळेपणा टिकावा म्हणून ओलंच कपाशीच्या, पऱ्हाटीच्या काड्यायवर गुंडाळून वाळवलं, मंग शकूसाठी गुंफलं. जाऊबाई म्हणे, "कुरळं गंगावन घेईन कोण?" खरं तर धास्ती मलेही होतीच.

आज शकू पुसदचं लग्न आटपून थेट माझ्याकडे आली. "ताई, नणंदेनं वेणी ओढून पाह्यली! खोटे समजून माझे खरेच केस ओढले. मी कळवळली, तं मलेच विचारते, कोणतं तेल लावतं वं?"

कुरळं गंगावन घेईन कोण म्हणे!

शकूले एक सांगितलं नाही. ते गुंतवळ माझंच होतं, दोन वर्षं जमवलेलं. म्हणजे पुसदच्या मांडवात बायका माझ्या केसायले वाखाणत होत्या. माय ज्यायले झिपऱ्या म्हणे, तेल चोपडून चोपडून दाबे, त्याच केसायले.