स्पेन्सरांच्या दाव्याची नक्कल

३ मार्च १९९८, मंगळवार

"दाखव!" — लॉइड हॉलब्रुक एवढंच बोलला. फाटकाचं कुलूप तसंच ठेवून ट्रॅक्टरवर चढला आणि गेलासुद्धा!

डोक्यात तिडीक गेली. सासूबाई, ओपल, आमच्या पुढच्या खोलीत अंथरुणाला खिळल्यात. नर्स म्हणते, फार तर महिना. त्यांचं एकच मागणं — टेकडीवर, एव्हरेटच्या शेजारी पुरा. नवऱ्याशेजारी. यात जगावेगळं काय मागितलं बाईनं?

टेकडीवरचं दफनस्थान जुनं. सासुरवाडीच्या स्पेन्सरांचीही माणसं तिथं, हॉलब्रुकांचीही. वर जायची वाट मात्र आता लॉइडच्या जमिनीतून. पोरं वर गाड्या उडवतात म्हणून गेल्या वर्षी त्यानं फाटक घातलं. आज मी जरा चढ्या आवाजात म्हटलं — कुलूप काढावंच लागेल, कोर्टाचा हुकूम आहे आमच्याकडे.

आहे म्हणजे... घरात सगळे म्हणतात. एव्हरेट दर नाताळाला जेवायच्या टेबलावर सांगायचे, "एक्कावन्न साली कोर्टात गेलो आणि वाट कायमची मोकळी करून घेतली!" कागद कुणीच पाहिलेला नाही.

असू दे. पंक्चर काढता काढता टायरची तीन दुकानं उभी केली. एक कागद काढायला असा किती वेळ लागतो?

४ मार्च

लागतो!

काउंटीच्या कोर्टात दोन खिडक्या, समोरासमोर. पहिलीत भला मोठा अंबाडा घातलेली बाई. "राजा, इथं खरेदीखतं, लग्नं आणि गाड्यांच्या नंबरपाट्या. खटले समोर." समोरच्या खिडकीत वांडा. "एक्कावन्न? अगंबाई! इतकं जुनं त्यांच्याकडे बघा." परत इकडे. परत तिकडे. तिसऱ्या खेपेला अंबाडेवाली जागची न उठता ओरडली, "वांडा, हा माणूस तुझा आहे!"

"माझा नाही!"

"मग काय मी घरी घेऊन जाऊ?"

सगळी रांग हसली. मीही हसलो. न हसून सांगतो कुणाला? शेवटी वांडाला दया आली.

"दाव्याचा नंबर?"

"तोच शोधायला आलोय."

"नंबराशिवाय पेटी निघत नाही."

"नंबर कुठं असतो?"

"पेटीतल्या कागदांवर."

ती म्हणाली, जेवणाची सुट्टी झाली. खिडकी बंद!

६ मार्च

कळलं — तळघरात सूचीच्या वह्या आहेत. जाड, कणकेच्या परातीएवढ्या रुंद. नावावरून नंबर काढायचा. संगणकावर फक्त अलीकडचं.

"दावा करणाऱ्याचं नाव बघायचं," वांडा म्हणाली. "आडनाव स्पेन्सर ना? मग 'स'मध्ये."

दिवसभर 'स'. पन्नास, एक्कावन्न, बावन्न. एका स्पेन्सरनं खेचर मेलं म्हणून रेल्वेवर दावा लावलेला. आमचा तो नव्हेच. शिंका येऊन येऊन नाक लाल. संध्याकाळी नेल्डा म्हणाली, "मिळालं?" मी म्हटलं, "खेचर मिळालं." बायको हसली नाही. आईला घास भरवत होती. दोन चमचे सूप, तेही निम्मं बाहेर.

९ मार्च

वकिलाकडे गेलो. त्याचे पाय टेबलावर. म्हणतो, "डेंटन, असा दावा झालाच नसेल. म्हातारे लोक सांगतात ना काहीबाही."

माझा सासरा खोटं बोलला म्हणायचं! तेही फी घेऊन!

११ मार्च

पुन्हा तळघर. पुन्हा 'स'. काही नाही.

येताना फाटकावरून गाडी घेतली. लॉइड कुंपण दुरुस्त करत होता. "मिळाला का हुकूम?" टोमणा नव्हता आवाजात. तेच जास्त लागलं. मी काच वर केली.

१२ मार्च

कोर्टाच्या हिरवळीवरच्या बाकावर म्हातारे बसतात, देवदाराच्या काठ्या तासत. काहीच बनवत नाहीत, नुसत्या ढलप्या पाडतात. मी कॉफी घेऊन शेजारच्या बाकावर टेकलो. हॉलब्रुकांच्या फाटकाचाच विषय! गावात काही लपत नाही. मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

"टायरवाला सासऱ्याचा दावा शोधतोय म्हणे."

"स्पेन्सर आणि दावा? एव्हरेट आपल्या पायानं कोर्टाची पायरी चढला असता होय? त्याला ओढत न्यावं लागलं होतं!"

"शेरीफ गेला होता घरी, समन्स बजावायला."

"गप रे. तो तिथंच बसलाय."

पेपर खाली केला. तिघेही काठ्यांकडे बघायला लागले.

ओढत नेलं! म्हणजे दावा करणारा दुसराच कुणी. आम्ही प्रतिवादी! आणि मी गाढव आठवडाभर वादींच्या वहीत. जिंकला म्हणजे त्यानंच दावा लावला असणार, असं घरातल्या सगळ्यांसारखं मीही धरून चाललो. तळघराकडे धावलो. प्रतिवादींची वही वेगळी, खालच्या फळीवर. 'स'. स्पेन्सर, एव्हरेट. नंबर समोर. आणि वादी — बर्ल हॉलब्रुक. लॉइडचा बाप.

नंबर दोनदा तळहातावर लिहिला.

१३ मार्च

पेटी इथं नाही!!

पूर आला तेव्हा जुन्या पेट्या राजधानीच्या दफ्तरखान्यात हलवल्या. "हे तेव्हाच सांगायचं ना," मी वांडाला म्हटलं. "तेव्हा तुमच्याकडे नंबर कुठं होता, राजा?"

दफ्तरखान्याला फोन. अर्ज पाठवा. पाठवला. ओळखपत्राची प्रत जोडा. जोडली. अर्जावर निळी शाई चालत नाही. काळ्यानं पुन्हा!

१९ मार्च

काही नाही. ओपल बहुतेक झोपूनच. मध्येच डोळे उघडून, "जावईबापू, वाट?" मी म्हणतो, "झालीच, आई." किती वेळा म्हणायचं?

२४ मार्च

दफ्तरखान्यातून पाकीट आलं. उघडतो तर शेतीच्या पाण्याचा भलताच खटला. आकडा त्यांनी चुकवला! भर रस्त्यात ओरडलो. कुत्री भुंकायला लागली. फोनवर तिथला माणूस फार गोड बोलला. गोड माणसावर ओरडता येत नाही, हीच तर पंचाईत.

३० मार्च

आली! आमची. पण बिनशिक्क्याची प्रत — शिक्का काउंटीनंच मारायचा. वांडा रजेवर, मुलीचं बाळंतपण. अंबाडेवालीला म्हटलं, "मला घरी न्या, नाहीतर शिक्का मारा." "मी तुमच्या खिडकीची नाही, पण..." म्हणत समोर गेली, तिथल्या पोरीला उठवलं, उभी राहून शिक्का मारून घेतला. तिच्या अंबाड्याला मुजरा!

गाडीतच वाचली. मग दुसऱ्यांदा वाचली. दुकानात गेलो नाही.

तेव्हा वाट स्पेन्सरांच्या जमिनीत होती — खालचा पट्टा पुढं एव्हरेटनी हॉलब्रुकांना विकला. कुंपणावरून भांडण आणि कुलूप लावणारे आम्ही! बर्ल हॉलब्रुकची साक्ष सबंध टाइप केलेली. जानेवारीत त्याची तान्ही मुलगी गेली. शवपेटी खांद्यावर घेऊन फाटकापर्यंत आला. परत पाठवलं. तेव्हापासून मुलगी कोठारात ठेवलेली, मक्याच्या पोत्यांमागे. "बायको रोज तिथं जाऊन बसते," एवढं बोलून त्यानं पाणी मागितलं, असंही लिहिलंय.

निकाल: ज्यांची माणसं वर पुरली आहेत त्या सर्वांना वाट सदैव खुली.

म्हणजे आम्हालाही. जिंकलोच म्हणायचं! नेल्डानं वाचून कागद पालथा घातला.

३१ मार्च

ओपलना तरतरी होती. म्हणाल्या, वाच. नेल्डानं डोळ्यांनी खुणावलं. मी निकाल वाचला, साक्ष सोडून.

"गाळलंस," ओपल म्हणाल्या.

"काही नाही, आई, कोर्टाची भाषा..."

"कोठाराचं वाच."

वाचलं. त्या छताकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी फाटकापाशी मी होते. एव्हरेट घरात होता." पुढं म्हणाल्या, "लॉइडला विचारून ये. कागद नको नेऊस."

१ एप्रिल

नेला नाही. लॉइड पायरीवर बसला होता. म्हटलं, सगळं वाचलं आम्ही. ओपलनी विचारायला पाठवलंय. तो म्हणाला, "मला पाठ आहे ते. तुमच्यातलं कुणी एकदा वाचावं, एवढंच होतं." मग खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. काम झालं की आणून देतो, म्हटलं. "असू दे तुमच्याकडेच," तो म्हणाला. "माझ्याकडे दुसरी आहे."