तांदळातलं नाव

वुडलँड्स, सिंगापूर
१९ ऑगस्ट २००७

चि. कस्तुरीस आजीचे अनेक आशीर्वाद.

तुला दोन नावं आहेत, त्यातल्या एकीला तरी आजी आठवायला हवी होती. आषाढ सरला, पत्र नाही. फोनवर मला ऐकू येत नाही, नुसतं हो हो म्हणते, हे तुला ठाऊक आहे.

तुझी काकू अरुणा लिहितेय. मध्येच थांबून म्हणते, आई, असं लिहू नये. तिला म्हटलं, हात तुझा, तोंड माझं.

तू सांगितलंस तसं, तुझ्या तिकडच्या नागरिकत्वाच्या अर्जासाठी, तुझ्या काकाने, रवींद्रने, मला तांजोंग पगारला त्याच्या ऑफिसाजवळच्या वकिलीणबाईंकडे नेलं. माझ्या नातीचं बारशातलं नाव कस्तुरी, लग्नात सासरच्यांनी मधुमती केलं, दोघी एकच, असं मी शपथेवर सांगितलं. बाई चिनी. विचारते, नवं नाव नोंदवलं कुठे? रवींद्र म्हणाला, ताटातल्या तांदळात, नवऱ्याने अंगठीने लिहून. बाई विचारते, तो तांदूळ आता कुठे आहे? मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी त्याची खिचडी झाली. मग अंगठा दिला. माझ्या अंगठ्याचं नाव अजून कोणी बदललेलं नाही, चालेल.

डॉक्टर म्हणतात हृदय दमलंय. किती दमलंय ते रवींद्र मला सांगत नाही, म्हणजे समजलं. तू डच हो नाहीतर चिनी हो, पण एकदा ये.

लोभ आहे, वाढवला नाहीस तरी सांभाळ.

तुझी आजी


रॉटरडॅम
१६ सप्टेंबर २००७

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

रागावू नकोस. चांगली बातमी हातात येईल म्हणून थांबले होते, ती आली नाही.

अर्ज परत आला. भाषेची परीक्षा पास झाले, वर्षं भरली, सगळं झालं. पण जन्मदाखला कस्तुरीचा आणि पासपोर्ट मधुमतीचा. खिडकीवरची बाई फार सभ्य. म्हणाली, हा अंगठा तुमच्या आजीचा आहे हे पटलं, पण त्या दाखल्यातली मुलगी तुम्हीच, हे त्याने ठरत नाही. नाव बदललं त्या वेळचा सरकारी कागद हवा. तो आपण कोणी केलाच नव्हता. लग्नघरात कोणाला सुचतं?

घटस्फोटानंतर प्रणवच्या नावावरचा माझा इथे राहायचा परवाना संपत आलाय. या देशाची नागरिक झाले असते तर तुझ्याकडे येऊन परत आत येता आलं असतं. आता बाहेर पडले तर दार बंद. अनीश सात वर्षांचा आहे, आणि तो बापासारखा डच. बापाच्या संमतीशिवाय त्याला इथून हलवता येत नाही, आणि ती तो देत नाही.

तुझ्याकडे आले तर अनीश जातो. नाही आले तर

तुझ्यासाठी इथल्या पाकाच्या चकत्या पाठवल्यात. दात नसले तरी चहाच्या कपावर झाकून ठेव, मऊ होतात.

काकांना, काकूंना नमस्कार. तुझी माया असू दे.

तुझी कस्तुरी


वुडलँड्स, सिंगापूर
१४ ऑक्टोबर २००७

चि. कस्तुरीस आशीर्वाद.

शाळेत मी गेले नाही, तू गेलीस, आणि वाक्य अर्धं सोडतेस. अरुणाने दोनदा वाचलं, दोन्हीदा तिथेच थांबली. मी पुरं करते. नाही आलीस तर मी तुला न बघता मरेन. सोपं वाक्य आहे, माणसं मरतातच.

अनीशला सोडून येऊ नकोस. आलीस तर मी तोंड फिरवून निजेन. तुझी आई गेली तेव्हा तू त्याच्याच वयाची होतीस. महिनाभर माझ्या पदराची गाठ मुठीत धरून झोपायचीस. तेवढं मला पुरलं.

माझंही नाव लग्नात बदललं. आधीच्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. तुला दोन्ही नावांनी कोणी घेईना, मी मात्र वाटेल त्या नावाने घेतलं असतं.

अक्षर बिघडलंय ते अरुणा रडतेय म्हणून, त्याचा दोष मला देऊ नकोस.

लोभ होता, तसाच राहील.

तुझी आजी

ता. क. खोटं कशाला बोलू, इच्छा अडकलेली आहे. पिंडाला कावळा शिवायचा नाही, रवींद्र उन्हात ताटकळेल, आणि इथल्या सरकारने कावळेही फार ठेवलेले नाहीत. काल तुझ्या चकतीचा तुकडा खिडकीत ठेवला, तर कावळ्याने काही न विचारता उचलला. तसल्याच चकत्यांचा मोठा पुडा पाठव, लवकर.