तुमची बारी अजून बाकी आहे

अहो,

‘प्रिय’ लिहायला घेतलं होतं, पण हात पुढे सरकेना. माझा राग अजून गेलेला नाही. गेला की लिहीन.

आज लिहायला बसले कारण तुमचा खेळ आला. हो, तोच, दुसरा भाग! तेरवी आटोपली, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि दुकानात किती धूळ साचली ते पाहू म्हणून मी शटर उचललं. कॉम्प्युटर सुरू केला तर पडद्यावर पाटी: ‘तुम्ही नोंदवलेला खेळ तयार आहे.’ इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो खेळ तुमच्या तेरवीनंतर आला! ज्याने नोंदवला त्याला सांगा, मला कशाला सांगता, असं त्या डब्यावर ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. चौकात माणसं बसली होती.

आठवतं का, मला या नादाला कोणी लावलं? लग्न होऊन मी आसगावला आले तेव्हा तुम्ही दिवसभर लोकांचे सातबारे काढायचात, झेरॉक्स मारायचात, आणि संध्याकाळी शटर अर्धं ओढून कॉम्प्युटरवर फौजा हलवत बसायचात. मी चहा घेऊन यायची आणि तणतणायची. एक दिवस तुम्ही म्हणालात, “तणतणून काय राहिली? बस इथं. एक राज्य तुयं, एक मायं.”

“मले काय येते त्यातलं?”

“तलावाच्या पाण्याची बारी समजते ना? तसंच हाय. माई बारी झाली का तुई. कोणी कोणाच्या बारीत हात घालाचा नाही.”

एवढंच शिकवलंत, आणि मी शिकले. आपल्याकडे कॉम्प्युटर एकच. म्हणून तुम्ही नियम केलात: एकाची बारी चालू असेल तेव्हा दुसऱ्याने बाहेर ओट्यावर जाऊन बसायचं, तोंड रस्त्याकडे करून. चाली झाल्या की पडदा काळा पडायचा आणि वर अक्षरं यायची, ‘दुसऱ्या खेळाडूने बसावे.’ मग तुम्ही आतून हाक मारायचात, “या महाराणी!” येणारे-जाणारे बघायचे, नवरा आत, बायको बाहेर, नंतर बायको आत, नवरा बाहेर. भांडण झालं असेल असंच वाटायचं लोकांना. तुमच्या फिरत्या खुर्चीत मी कधी बसले नाही. तिची गादी फाटलेली, आणि ती तुमच्याच अंगाला सरावलेली. माझं आपलं लाल स्टूल होतं.

तर नवा भाग कसा आहे? विचारलं असतंत तुम्ही, म्हणून सांगते.

दिसायला देखणा आहे, त्यात वाद नाही. नदीवर ऊन चमकतं. शिपाई उभे असले तरी पापण्या लवतात. नगारे असे वाजतात की तुमच्या आई मागच्या घरातून धावत आल्या. पण सोबत एक दाढीवाला प्रधान दिलाय, आणि तो गप्प म्हणून बसत नाही. इथे शहर बसवा, तिथे पूल बांधा, राणीसाहेब, शत्रू जवळ आला! सल्ला देणाऱ्यांची मला सध्या काय कमी आहे? तेरवीला आलेला प्रत्येक जण प्रधानच होता.

आता प्रत्येक बारीला वेळ ठरवून दिलाय. वर एक पट्टी असते, ती घटत जाते. विचार करत बसलात की पट्टी संपते आणि बारी तुमच्या हातून जाते. तुम्ही तर एका चालीसाठी दोन कप चहा प्यायचात! तुम्हाला हा खेळ चाललाच नसता. पहिल्याच संध्याकाळी शिव्या घालून उठला असतात.

चाल मागे घ्यायची सोयही दिलीय. घोडा चुकून पुढे गेला तर एक बटण दाबा, घोडा परत जागेवर. तुम्ही मला कधी चाल मागे घेऊ दिली नाहीत. हात सुटला की चाल गेली, असं म्हणायचात. मी ते बटण उगीचच किती वेळा दाबून पाहिलं. एकदा बारी संपवली की तेही चालत नाही.

आणि आता खरी गोष्ट सांगते, ऐका. नव्या भागात धान आहे! पहिल्या भागात नुसता गहू, म्हणून किती चिडायचात तुम्ही. “या बनवणाऱ्यायनं कधी भात खाल्ला नाही का?” आता नकाशावर नदीकाठच्या चौकोनात धान लावता येतो, शेजारी तलाव असेल तर दुप्पट पिकतो, आणि फौजेला धान्य पोचलं नाही तर फौज उपाशी मरते. अगदी तुम्ही म्हणायचात तसं. ती हिरवी बांधी, अगदी आपल्या धानाच्या शेतासारखी, पडद्यावर दिसली आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी इतका संताप आला! थोडे दिवस थांबता येत नव्हतं का तुम्हाला?

पण सगळ्यात वाईट पुढे आहे. एका कॉम्प्युटरवर दोघांनी खेळायची सोयच काढून टाकलीय. प्रत्येकाने आपापलं यंत्र घ्यायचं, आपापल्या खोलीत बसायचं. मी सगळीकडे शोधलं. कुठेच नाही. एकट्याने मात्र कितीही खेळा म्हणे.

वर आणखी, आपल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये जागा पुरेना. नवा भाग सुरू केला की दर वेळी तो विचारतो, ‘पहिला भाग काढून टाकायचा का? त्यातले अपुरे डाव पुसले जातील.’ हो की नाही, एवढंच दाबायचं. मी नाही दाबते. दुसऱ्या दिवशी परत तेच. लोकांचे फॉर्म भरायलाही आता जागा नाही, म्हणजे कधीतरी हो दाबावंच लागणार होतं.

आणि त्या पहिल्या भागात आपला डाव तसाच पडलाय. माझी बारी झालेली. पडदा काळा, ‘दुसऱ्या खेळाडूने बसावे.’

त्या संध्याकाळी मी बारी संपवून तुम्हाला हाक मारली, तर तुम्ही ओट्यावर छाती चोळत बसला होतात. काय झालं विचारलं तर म्हणालात, “काही नाही वो, गॅस झाला. बारी उद्या खेळतो.” मी म्हटलं, सकाळच्या एसटीने भंडाऱ्याला जाऊ, ईसीजी काढू. “उद्या पाहू.” तुमचं ते उद्या पाहू! सोडा पिऊन झोपलात. सकाळी शटर उचलायला वाकलात ते वाकलातच. खेळात दहा चाली पुढचं पाहणारा माणूस, त्याला स्वतःच्या छातीतली एक चाल दिसू नये? का दिसत होती, आणि मला सांगायचं नव्हतं? या एका प्रश्नाने मला झोप लागत नाही. बाकीची रड मी आवरते.

आईंनी परवा मला दुकानात पकडलंच. दारात उभ्या राहून म्हणाल्या, “थो गेला, आन् तू त्या डब्ब्यात काय शोधून राहिली वो? लोकं काय मनतीन?”

“काही नाही. त्यायची बारी राहिली हाये.”

त्यांना काय कळलं कोण जाणे. पदर तोंडाला लावून आत गेल्या. त्यांचंही लेकरू गेलंय, हे मी रागाच्या भरात विसरते. पण खरं सांगू? तो डाव मला पुसायचा नव्हता आणि पुढेही न्यायचा नव्हता. जोवर पडद्यावर तुमची बारी आहे, तोवर तुम्ही फक्त ओट्यावर बसलेले आहात, हाक मारली की येणार आहात, असं काहीतरी मी धरून बसले होते. वेडेपणा म्हणा.

मग परवाच मी शेतावर गेले. तुम्ही गेलात तेव्हा धान निसवायला, लोंब्या टाकायला आला होता आणि पावसाने पाठ फिरवली होती. तलावाचं पाणी सोडलं होतं, पण आपल्या बारीच्या दिवशी आम्ही सगळे तुमच्याभोवती बसलो होतो. बांधी भेगाळली असणार, लोंब्या पोचट गेल्या असणार, असं धरूनच मी गेले. पाहते तर बांधी काठोकाठ भरलेली, लोंब्या कशा छान बाहेर पडलेल्या!

पलीकडच्या धुऱ्यावर, दोन शेतांमधल्या बांधावर, तुळशीरामकाका उभे होते. तेच तुळशीराम, ज्यांनी आपला धुरा कोरला म्हणून तुम्ही भर चौकात त्यांची अब्रू काढली होती आणि नंतर मरेपर्यंत बोलला नाहीत. मी विचारलं, “काका, पाणी कोणं भरलं?”

“म्याच भरलं. तुमच्या मागून माई बारी होती.”

“काहून पण? तुमचं तं भांडण होतं ना त्यायच्याशी?”

“होतं मंजे? हायेच! थो आता उठून आला तं आताबी भांडीन.” काकांनी फावडं खांद्यावरून उतरवलं. “पर मयताच्या घरची बारी बुडू देत नसतेत, बाई. मागच्यानं पयले थ्याची बांधी भराची, मंग आपली. माया बापाच्या टायमाले तुया सासऱ्यानं भरली होती.”

मला ही रीत माहीतच नव्हती. तुम्ही कधी सांगितली नाहीत. सांगायची वेळ येईल असं वाटलं नसेल.

मी तिथेच धुऱ्यावर बसले. काका जाता जाता म्हणाले, “आन् हात आखडता घेऊन नाही भरता येत. थ्यानं घेतलं असतं तितलंच द्या लागते. तुया नवरा तं काठापर्यंत घे, मनून काठापर्यंत देलं.” बोलण्यात टोमणा होताच. तुमच्यावरचा राग त्यांनीही सोडलेला नाही, हे पाहून मला फार बरं वाटलं.

घरी आले, शटर अर्धं ओढलं आणि जुना खेळ लावला. काळा पडदा आला. मी लाल स्टूल बाजूला सारलं आणि तुमच्या खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत तुमच्या बाजूने पडदा मी कधी पाहिला नव्हता, तुम्हीही माझा पाहिला नसेल. बटण दाबलं.

लबाड! लबाड माणूस!

गेल्या कित्येक बाऱ्या तुम्ही तोंड एवढंसं करून सांगत होतात, “माया राज्यात दुष्काळ पडला, फौजच नाही उरली, आता तूच जिंकणार.” मी दया येऊन, आता हल्ला कसला होतो असं समजून, माझ्या राजधानीवरचे पहारेकरी नदीकडे पाठवले. आणि तुमचे घोडेस्वार? सगळेच्या सगळे माझ्या राजधानीमागच्या जंगलात दडून बसलेले, खाऊनपिऊन तयार! एका चालीचं अंतर. त्या संध्याकाळी तुम्ही ओट्यावरून उठून आला असतात तर माझी राजधानी गेलीच होती.

आधी मला हसू आलं. मोठ्याने हसले मी, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. आणि हसता हसताच थांबले. मी आजवर सगळ्यांना सांगत आले, आमच्या यांच्या पोटात काही राहत नाही, चेहऱ्यावर सगळं दिसतं. कुठलं काय! ज्या तोंडाने दुष्काळ सांगितलात, त्याच तोंडाने म्हणालात, गॅस झाला. इतकं सफाईनं खोटं बोलता येत होतं तुम्हाला. मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, अहो. तुम्हाला दुखत होतं. तुम्हाला कळतही होतं. आणि तुम्ही मला दया करायला लावून, नदीकडे पाहायला सांगून, मागच्या मागे निघून गेलात.

नंतर मी डोळे पुसले आणि तुमची बारी खेळले. मनात आलं, घोडे माघारी फिरवावेत, राजधानी वाचवावी. पाहायला कोण होतं? पण काकांनी काठापर्यंत पाणी दिलं होतं. तुम्ही खेळला असतात तशीच चाल मी खेळले. सगळे घोडे एकदम घातले. माझी राजधानी माझ्याच हाताने पडली. तुमच्या बाजूला नगारे वाजले, आणि बारी संपवल्यावर पडदा काळा पडून अक्षरं आली, ‘दुसऱ्या खेळाडूने बसावे.’

मी उठले, स्टूल ओढलं आणि बसले. जळलेली राजधानी पाहिली. नदीकाठी माझे पहारेकरी अजून शाबूत आहेत, डोंगरापलीकडे दोन गावं आहेत. डाव संपलेला नाही. बारी लगेच खेळले, उद्यावर टाकली नाही.

तर आता माझा शब्द घ्या. तो पहिला भाग मी काढणार नाही. नवाच काढून टाकला, दाढीवाल्या प्रधानासकट. धान तेवढा बघायचा राहिला तुमचा, त्याचं मला वाईट वाटतं. आपला डाव मी शेवटपर्यंत नेईन. तुमच्या बारीला तुमच्यासारखीच खेळीन, तितकीच कपटी, हात आखडता न घेता. आणि माझ्या बारीला तुम्हाला सोडणार नाही, हे लक्षात ठेवा. दया वगैरे आता विसरा.

माझ्या चाली झाल्या की मी नियमाप्रमाणे बाहेर ओट्यावर जाऊन बसते, तोंड रस्त्याकडे करून. थोडा वेळ तशीच बसते. आतून हाक येत नाही. मग मीच उठते, आत जाते आणि तुमच्या खुर्चीत बसते.

तुमच्यावर रागावलेली, तुमचीच
वंदना